सोत्गोलवालीची कडू शेवंती

"आई, मिरची तर दरवर्षी लावतोच ना आपण!"

"मग फुलं घालू का लोणच्यात?"

भिंतीपलीकडचं हे सासूसुनेचं भांडण मी सोयाबीन निवडता निवडता ऐकलं. शेजारच्या मान्सिकची बायको नवीनच होती. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात, म्हणून ती सोत्गोलवाली. डोंगरातून रानशेवंती आणून तिनं वरच्या बांधावर लावली होती. त्या घरात तिनं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

सासूनं निकाल दिला, "नवव्या महिन्याच्या नवमीला सणाचे पाहुणे येतील, त्यांना तुझ्या फुलांचा चहा पाज. कुणी दुसरी वाटी मागितली नाही, तर बांध माझ्या मिरचीला."

पोरीनं फुलं मिठाच्या पाण्याच्या वाफेवर धरली, कागदावर पसरून चुलीच्या धगीनं उबदार झालेल्या घरातल्या जमिनीवर सुकवली. नवमीला मान्सिकच्या थोरल्या काकांनी घोट घेतला, तो गिळायलाच त्यांना वेळ लागला. "सूनबाई, मी आजारी आहे असं कुणी सांगितलं तुला?"

"उपटताना पान चावून बघितलंस का?" सासू कडाडली.

नव्हतं बघितलं. आमच्या डोंगरात नाण्याएवढं फूल गोड, बटणाएवढं कडू. फूल आलेलं नसलं, तर शेंबडी पोरंसुद्धा आधी पान चावतात. ही घाईत कडूच घेऊन आली होती.

सासू कुदळ घ्यायला उठली, तोच तिची अर्धशिशी उठली. म्हातारी भरदुपारी आडवी झाली. चहाला नालायक फूल उशीला चालतं. सुनेनं उरलेली फुलं खोळीत भरून उशी हळूच डोक्याखाली सरकवली. कोंबड्या खुराड्यात शिरल्या तरी म्हातारी घोरतच होती.

उठल्यावर म्हणाली, "फुलांनी काही नाही हं. दमले होते मी."

"मग द्या उशी, उसवते."

"हात तर लावून बघ!"

बांध वाचला. पुढे सासू त्र्याण्णव वर्षांची होऊन गेली, तोवर दर शरदात तिला नवी उशी लागायची. मग गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची डोकी दुखायला लागली. माझंही.

गेल्या हिवाळ्यात सोत्गोलवाली गेली. त्याआधीच्या शरदात, एक्क्याऐंशीव्या वर्षी, ती काखेत नवी उशी मारून माझ्या दारात उभी.

"जुनी आण इकडे."

"अगं, बस तरी घडीभर."

"बसायला वेळ तुला आहे, बाई."

जुनी उशी उसवत उसवतच ती चढणीला लागली, आणि बांधावर जाऊन तिनं ती शेवंतीच्या बुंध्यांशी रिकामी केली.