बायपासची चावी

“हा लाल रंग जरा हलका करता येईल का?” गिरीशशेठनी विचारलं.

मला वाटलं ते प्रिंटरबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, “कार्ट्रिज नवीनच आहे सर.”

“प्रिंटरचं नाही हो. रेटिंगचं म्हणतोय. लाल कशाला? पिवळा करा ना.”

गिरीशशेठ आमचे मॅनेजिंग डायरेक्टर. कंपनी सोयाबीनचं तेल काढते. हेड ऑफिस नांदेडला, प्लांट लातूरच्या एमआयडीसीत. मी इंटर्नल ऑडिटची हेड. घरी कुणी पाहुणे आले की त्यांना वाटतं, मी दिवसभर व्हाउचर तपासते. ते बाहेरचे ऑडिटर करतात. माझं काम वेगळं. कंपनीनं स्वतःसाठी जे नियम घालून घेतलेत, ते खरंच पाळले जातात का, हे बघायचं. या नियमांना ऑफिसच्या भाषेत कंट्रोल म्हणतात. पाळला जात असेल तर हिरवा, अर्धवट असेल तर पिवळा, पाळलाच जात नसेल तर लाल. एवढा सोपा हिशेब आहे. त्यात हलका लाल नसतो.

माझा रिपोर्ट जातो ऑडिट कमिटीकडे. कमिटी म्हणजे डायरेक्टरांमधलीच तीन माणसं. त्यातली दोन कंपनीबाहेरची असतात, म्हणजे मालकाला तोंडावर प्रश्न विचारायला कुणीतरी असावं. आमचे अध्यक्ष बिडवई सर, बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. दुसऱ्या उदगीरच्या कॉमर्स कॉलेजच्या माजी प्राचार्या वाघमारे मॅडम. तिसरे स्वतः गिरीशशेठ. कागदावर मी कमिटीला उत्तरदायी. माझी पगारवाढ मात्र गिरीशशेठ ठरवतात.

आता लाल रंग कशाला दिला ते सांगते.

सोयाबीन दाबून सगळं तेल निघत नाही. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करून त्या हेक्झेन नावाच्या द्रवात भिजवतात. तेल त्यात उतरतं, मग हेक्झेन उडवून तेल वेगळं करतात. हेक्झेन हे पेट्रोलचंच भावंड. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. एका ठिणगीचं काम. म्हणून प्लांटमध्ये खाली, घोट्याच्या उंचीवर गॅस डिटेक्टर बसवलेले असतात. वाफ वाढली की अलार्म होतो आणि प्लांट आपोआप बंद पडतो. या आपोआप बंद पडण्याला ‘ट्रिप होणं’ म्हणतात.

डिटेक्टरची दुरुस्ती करायची असेल तेव्हा ही व्यवस्था तेवढ्यापुरती बाजूला ठेवायला एक चावी असते. ती बायपासची चावी. नियम असा की ती सेफ्टी ऑफिसरकडे राहील, प्रॉडक्शनकडे नाही.

मी लातूरला गेले तेव्हा पॅनेलवर बायपासचा दिवा जळत होता. शेजारी शिफ्ट ऑपरेटर महेबूबभाई बसले होते.

“दुरुस्ती चालू आहे का?” मी विचारलं.

“न्हाई मॅडम.”

“मग बायपास कामून?”

“लई वाजतंय ते. दिवसभर ठणाठणा. प्लांट सारका ट्रिप होतो, आन् मग साहेब आमच्यावर बिघडतेत.”

“कधीपासून आहे असं?”

“सीझन लागल्यापासून. मॅडम, तुमी लिहून जाता नांदेडला, ऐकून आमाला घ्यावं लागतंय. माझं नाव नका टाकू.”

मी नाव टाकलं नाही. वर जाऊन प्लांट हेड सूर्यवंशी साहेबांना भेटले. माणूस कामाचा. पहाटेपासून प्लांटवर असायचे, प्रत्येक मोटारीचा आवाज ओळखायचे. पण अलार्मचा विषय काढला की चिडायचे.

“मॅडम, ते डिटेक्टर खराब हायेत. धूळ बसली की वाजून राहिलेत. आता सीझनमधी प्लांट बंद ठेवू का मी?”

“खराब आहेत तर बदला.”

“इंडेंट टाकलाय ना. परचेसला इचारा.”

परचेसला विचारलं. ते म्हणाले, इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, स्पेसिफिकेशन नाही, इंजिनिअरिंगला परत पाठवलाय. इंजिनिअरिंग म्हणालं, डिटेक्टर चांगले आहेत, बदलायची गरज नाही. मी सूर्यवंशींना सांगितलं, “इंजिनिअरिंग म्हणतंय चांगले आहेत.” ते म्हणाले, “त्यांना काय कळतंय?” सेफ्टी ऑफिसरला विचारलं, तो नवीन होता, त्यानं चावी कधी पाहिलीच नव्हती; ती सूर्यवंशी साहेबांच्या खिशात असते, एवढं त्याला माहीत होतं.

मी रिपोर्ट लिहिला. लाल.

कमिटीची बैठक नांदेडला एका हॉटेलात झाली. माझा विषय शेवटचा. त्याआधी जीएसटीवर चर्चा झाली, वाहनभत्त्यावर चर्चा झाली, मसाला डोसा आला. मी बोलायला लागले तेव्हा वाघमारे मॅडमची उदगीरला परतायची गाडी खाली लागली होती. मी सगळं सांगितलं. बिडवई सरांनी मान हलवली आणि सेक्रेटरीला म्हणाले, “लिहा, कमिटीनं नोंद घेतली.”

नोंद घेतली! या दोन शब्दांनी मला नोकरीत जितका त्रास दिलाय तितका कुठल्याच साहेबानं दिला नाही. मला वाटलं होतं कुणीतरी निदान विचारेल की बाई, मग पुढे काय?

पुढच्या बैठकीत तोच विषय, तोच लाल. आणि त्याआधी गिरीशशेठनी मला केबिनमध्ये बोलावून रंग हलका करायला सांगितलेलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय थेट बैठकीतच काढला.

“सर, लाल बघितला की बँका घाबरतात. सुधारणा चालू आहे. पिवळा योग्य आहे.”

“काय सुधारणा चालू आहे?” मी विचारलं.

“इंडेंट टाकलाय.”

वाघमारे मॅडम म्हणाल्या, “मध्ये केशरी वगैरे नसतो का?”

बिडवई सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते मला म्हणाले, “जयश्रीबाई, हा विषय तसा सेफ्टीचा आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टर असतो त्याला. आपण आकड्यांची माणसं. नोंद घेऊ या.”

घरी आल्यावर मी इतकी चिडलेली होते की नवऱ्यानं चहा देऊन बाजूला बसणं पसंत केलं. ते विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “राजीनामा देणार आहेस का?” मी म्हटलं, “नाही. आधी भांडणार आहे.” खरं तर कुणाशी भांडावं हेच कळत नव्हतं. माझं म्हणणं कुणी खोडतच नव्हतं. सगळे माना डोलवत होते आणि प्लांट बायपासवर चालत होता.

इंटर्नल ऑडिटरला एक अधिकार असतो. मॅनेजमेंटला बाहेर ठेवून कमिटीच्या अध्यक्षाला भेटता येतं. लोक तो वापरत नाहीत, कारण वापरला की मालकाला कळतंच. मी बिडवई सरांना फोन केला आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमची कळकळ समजते. पण मला हेक्झेनमधलं काय कळणार? उद्या मी काही बोललो आणि सूर्यवंशीनं चार टेक्निकल शब्द टाकले, तर मी गप्पच बसणार ना?”

मी गॅसबद्दल आणखी एकदा सुरू करणार होते. तेवढ्यात त्यांची बँक आठवली. मग विचारलं, “सर, तुमच्या ब्रँचमध्ये तिजोरीच्या चाव्या किती जणांकडे असायच्या?”

“दोघांकडे. एकट्याला तिजोरी उघडताच आली नाही पाहिजे.”

“दोन्ही चाव्या कॅशियरच्या खिशात सापडल्या असत्या तर?”

“त्याच दिवशी सस्पेंड केला असता.”

“इथं तेच झालंय सर. ज्याला प्लांट चालू ठेवायचाय, त्याच्याच खिशात अलार्म बंद करायची चावी आहे.”

ते खुर्चीत सरळ झाले. “सूर्यवंशीच्या खिशात? नियम असताना?”

“नियम असताना.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

दोन रिपोर्ट आणि दोन बैठका मी हेच सांगत होते. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि तो रंग मला तूर्त पुरेसा होता.

पुढची बैठक त्यांनी लवकर लावली आणि हॉटेलाऐवजी लातूरला प्लांटच्या ऑफिसात ठेवली. गिरीशशेठनी मला निरोप पाठवला की अध्यक्षांना उगाच इतकी तकलीफ कशाला. अहमदपूर ओलांडेपर्यंत गाडीत बिडवई सर माझे दोन्ही रिपोर्ट पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, “मी आज एकच प्रश्न विचारणार आहे. तुम्ही मधे बोलू नका.”

बैठकीला सूर्यवंशींना बोलावलं होतं. त्यांनी प्रेझेंटेशन आणलं होतं. पहिलीच स्लाइड उघडली तेवढ्यात सर म्हणाले, “ते राहू द्या. बायपासची चावी आत्ता कुणाकडे आहे?”

“सर, त्याची एक प्रोसिजर आहे.”

“प्रोसिजर नाही विचारली. चावी कुणाकडे आहे?”

“सेफ्टी डिपार्टमेंटकडे असते, सर.”

“असते नाही. आत्ता कुठे आहे?”

सूर्यवंशींनी गिरीशशेठकडे पाहिलं. गिरीशशेठ मोबाइल बघत होते. वाघमारे मॅडमनी पेन खाली ठेवलं. सर नुसते सूर्यवंशींकडे बघत राहिले. शेवटी सूर्यवंशींनी पँटच्या खिशात हात घातला आणि चावी टेबलावर ठेवली.

“बायपास काढा,” सर म्हणाले.

“सर, प्लांट ट्रिप होईल. खामखा. डिटेक्टर खराब हायेत.”

“होऊ द्या.”

गिरीशशेठनी आता मान वर केली. “बिडवई साहेब, सीझन आहे. एका ट्रिपचं किती नुकसान होतं माहितीये का?”

“मिनिट्समध्ये लिहा,” सर सेक्रेटरीला म्हणाले, “अध्यक्षांनी बायपास काढायला सांगितला आणि मॅनेजिंग डायरेक्टरांनी विरोध केला.”

गिरीशशेठनी हात हलवला. “काढा. बघा मग.”

बायपास निघाला. आम्ही पाण्याचा ग्लास खाली ठेवतो न ठेवतो तोच अलार्म झाला आणि प्लांटची घरघर थांबली. गिरीशशेठ म्हणाले, “बघितलं? धुळीनं वाजतो.”

“धुळीनंच वाजला हे कशावरून?” सरांनी विचारलं.

सीझनभर कुणी ते बघितलंच नव्हतं. इंजिनिअरिंगच्या माणसाला हातात धरायचं गॅस मीटर घेऊन आत पाठवलं. मी आणि सूर्यवंशी पॅनेलजवळ उभे राहिलो. तो कन्व्हेयरपाशी, जिथून पेंड पुढे सरकते, तिथे खाली वाकला. मीटर किंचाळायला लागलं. सांध्यावरचं सील फाटलं होतं आणि हेक्झेनची वाफ फरशीवर पसरत होती. डिटेक्टर खराब नव्हता. सीझन लागल्यापासून तो खरंच सांगत होता.

सूर्यवंशींनी भिंतीकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, “पलीकडच्या गोडाऊनच्या शेडचं वेल्डिंग उद्या चालू करायचं होतं.”

मधे एकच भिंत होती. त्या भिंतीला पत्र्याची खिडकी होती, आणि ती उघडी असायची. मी पॅनेलकडे बघितलं. महेबूबभाई तिथेच बसले होते, रोज बसतात त्याच खुर्चीत. राग यायला हवा होता, तो बऱ्याच वेळानं आला.

दुरुस्तीला आठवडाभर प्लांट बंद राहिला. वेल्डिंग पुढे गेलं, खिडकी विटांनी बुजवली. सील बदलल्यावर अलार्म गप्प झाला. ज्या सीलसाठी कुणी एक दिवस द्यायला तयार नव्हतं, त्याला आठवडा द्यावा लागला. सूर्यवंशी माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मग एकदा कँटीनमध्ये समोर येऊन बसले आणि म्हणाले, “मॅडम, तुमी जिद्दी हाव हे बरं झालं.” एवढंच. मला ते पुरलं.

गिरीशशेठनी वार्षिक सभेत सांगितलं की कंपनीची यंत्रणा इतकी जागरूक आहे की गळती वेळेत पकडली गेली. टाळ्या वाजल्या. बिडवई सरांची मुदत त्याच वर्षी संपत होती. ती वाढवली नाही. कारण विचारलं तर सांगण्यात आलं, बोर्डात तरुण चेहरे हवेत. नवीन अध्यक्ष त्यांच्याहून वयानं मोठे निघाले.

हे नवीन अध्यक्ष हुशार आहेत, रिपोर्ट वाचून येतात, प्रश्नही नेमके विचारतात. फक्त समोरचा “बघतो सर” म्हणाला की ते पुढच्या विषयाकडे वळतात. मी हात वर करते. सगळे घड्याळाकडे बघतात. मी तरी विचारते, कोण बघणार आणि कधी. ऑडिट कमिटीबद्दल मला इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट एवढीच आहे: प्रश्न कुणीही विचारतं, उत्तर येईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही, हे अवघड आहे.