आधीची गोष्ट, नंतर

जुनी गाजलेली मालिका आणि तिच्यातून निघालेल्या मालिका कुठल्या क्रमानं बघाव्यात, यावर माझी नात मैत्रिणींशी फोनवर तावातावानं भांडते. आधी दाखवलेली आधी, की आधी घडलेली आधी? मी भाजी निवडत बसते. या क्रमापायी माझ्या वडिलांचं काय झालं, ते तिला कसं सांगणार?

आमचं घर सातपाटीचं. बाबा मासेमारीच्या होडीचे तांडेल, होडी त्यांच्याच हुकमानं चालायची. एकदा समुद्रात गेले की आठवडाभर तोंड दिसायचं नाही. रविवारी सकाळी टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची, घर सोडून गेलेल्या मुलाची. बाबांचे भाग हमखास चुकायचे. परत आले की त्यांना जेवायला वाढून, जेवण झाल्यावर आई चुकलेला भाग सांगायची. दर्यावरून आलेल्या माणसाला पोटात चार घास जाईपर्यंत वाईट काही ऐकवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि आई सांगण्यात अशी रंगायची, की मूळ भाग फिका वाटावा.

ती मालिका सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी माझा भाऊ दुसऱ्यांच्या होडीवर गेला होता. ती वादळात बुडाली. बाकीचे फळ्यांना धरून वाचले, भाऊ सापडला नाही. गाव समजून चुकलं, आईही. बाबा तेवढे हटून बसले. "कोन्या जहाजानं उचलला असंल. येल तो," एवढंच म्हणायचे. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकतात, पण बाबांपुढे तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. ते आशा धरून बसलेले, मग आईनं रडायचं तरी कसं? ती बोंबील वाळत घालताना पाठ फिरवून डोळे पुसायची. मला बाबांचा राग यायचा, भयंकर राग यायचा.

मालिकेतला मुलगा शेवटच्या भागात मेला. बाबा तेव्हा समुद्रात होते. परतल्यावर पानावर बसताबसताच त्यांनी विचारलं, "पोरगा आला काय घरा?"

आई भात वाढत होती. "नाय अजून," ती म्हणाली. जेवण झालं, हात धुऊन झाले, तरी पुढचं तिनं सांगितलं नाही. पुढे कधीच सांगितलं नाही. मलाही डोळ्यांनी गप्प केलं.

ती मालिका संपली आणि काही महिन्यांनी त्याच मुलावर दुसरी सुरू झाली. घर सोडल्यावर तो शहरात कसा राहिला, कुठे राबला, ते तिच्यात होतं. म्हणजे गोष्ट त्याच्या मरणाआधीची, पण दाखवली नंतर. बाबांना वाटलं, हे पुढचंच. "बग, जित्ता हाय! मी बोललेलो ना?" गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले त्यांनी. त्या दिवाळीला पालघरहून भावासाठी शर्टाचं कापड घेऊन आले. आईनं ते पेटीत ठेवलं.

तोवर माझं लग्न होऊन मी तारापूरच्या कॉलनीत राहायला आले होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, तेव्हा बाबा चार दिवस माझ्याकडे राहायला आले. नवऱ्याच्या मित्राकडे दोन्ही मालिका कॅसेटवर होत्या. नवरा आमचा शिस्तीचा, इस्त्रीसुद्धा आधी कॉलरला करणार. "बाबा, तुमचे शेवटचे भाग राहिलेत. पहिली मालिका पुरी करा, म्हणजे दुसरी नीट कळेल," असं म्हणून त्यानं व्हीसीआर लावला. आईनं काय लपवलंय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत ते सुरू झाले होते.

बाबांनी ते मरण पाहिलं. मुलाला घरी आणतात, त्याची आई उंबऱ्यातच खाली बसते, ते सगळं पाहिलं. नवरा उत्साहानं पुढची कॅसेट शोधू लागला. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग माझ्याकडे वळले.

"तुज्या आयेनं बगितला होता ह्यो?"

"हो, बाबा."

"एकलीनंच?"

तेव्हा मीही आईशेजारी होते, तरी मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना सातपाटीला घेऊन गेले. आई ओसरीत सुकी मासळी निवडत होती. बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. थोडी मासळी त्यांनीही निवडली. मग म्हणाले, "भटाला बोलवू. पोराचा करून टाकू."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिनं हंबरडा फोडला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. काय झालं, काय झालं, करत शेजारणी पावसातून धावत आल्या. आईला बोलता येत नव्हतं. बाबांनीच तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांना सांगितलं, "आमचा पोरगा गेला."