चौबळांचा लॅपटॉप आणि इडलीच्या ताटल्या

नौपाड्यातल्या विश्राम चौबळांचा लॅपटॉप तापायला लागला तो ऐन मार्चमध्ये. पस्तीस वर्षं एका कारखान्यात बॉयलर सांभाळून चौबळ निवृत्त झालेले. रोज दुपारी चारला ते ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला बसत. डाव रंगात आला, की लॅपटॉप घरघर करायचा आणि पटकन बंद पडायचा.

"जिंकत होतो गं मी!" ते ओरडायचे. चित्राताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते काही खरं वाटायचं नाही.

"अहो, स्टेशनजवळच्या कमलेशला दाखवू या. दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं."

"एवढ्या बॉयलरनी ऐकलं माझं, हा डबा ऐकणार नाही?"

मग प्रयोग सुरू झाले. ओला नॅपकिन चित्राताईंनी वेळीच हिसकावून घेतला. टेबलफॅन लावला, तर वर्तमानपत्र घरभर उडालं. शेवटी चौबळांनी इडलीपात्रातल्या ताटल्या पळवल्या आणि त्यातल्या दोन उपड्या ठेवून वर लॅपटॉप मांडला. "भोकं बघ! हवा खालून वर!" तरी तो तापतच राहिला. सलग दोन रविवार इडलीऐवजी उपमा झाला.

सोमवारी जेवून चौबळांचा डोळा लागल्यावर चित्राताईंनी लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घालून कमलेशचं दुकान गाठलं. त्याने तो उघडला आणि हसू लागला.

"काकू, एवढ्या धुळीत छोटी उशी भरेल!"

ब्रश फिरला, आत उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लागली. चित्राताई तासाभरात परतल्या, तेव्हा चौबळ घोरतच होते. त्यांनी लॅपटॉप पुन्हा ताटल्यांवर ठेवला.

त्या दिवशी चौबळ सलग तीन डाव खेळले आणि तिन्ही हरले. पण लॅपटॉप बंद पडला नाही! ते इतके खूश झाले, की चित्राताईंच्या ओठावर आलेलं तिथेच राहिलं.

चौबळांनी ही युक्ती सगळ्या बिल्डिंगला सांगितली. दुसऱ्या मजल्यावरचा सुश्रुत लॅपटॉप ठेवून गेला, मग पहिल्या मजल्यावरची हेमांगी. चौबळ ते ताटल्यांवर मांडून झोपायचे आणि चित्राताई पिशवी उचलायच्या.

हेमांगीच्या वेळी मात्र कमलेशच्या दुकानाला कुलूप. तो आठ दिवस गावाला गेलेला. संध्याकाळी हेमांगी लॅपटॉप घेऊन गेली आणि लगेच परत आली. "काका, मीटिंगमध्ये बंद पडला हो!"

चौबळ ताटली उलटीपालटी करून बघत राहिले. हेमांगी गेल्यावर चित्राताईंनी सगळं सांगून टाकलं.

चौबळांनी हातातली ताटली खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तू एवढ्या उन्हात जात होतीस?" आणि जरा थांबून, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

कमलेश परतल्यावर हेमांगीचा लॅपटॉप घेऊन चौबळ स्वतः गेले. त्याने पंखा उघडून दाखवला, तसे ते तिथल्या स्टुलावर बसले ते बसलेच. आता रोज दुपारी ते तिथेच असतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, लॅपटॉप गादीवर का ठेवू नये, हे बॉयलरचे दाखले देऊन समजावतात. कमलेश मान डोलावतो आणि त्यांना गप्प करायला चहा मागवतो.

चित्राताई साडेपाचपर्यंत निवांत झोपतात.