किक काढून ठेवलेली गाडी

त्या उन्हाळ्यात दादाच्या घोट्यावरची मोज्याची खूण संध्याकाळपर्यंत तशीच राहायची. तो खुर्चीवर बसून चाकाच्या तारा घासायचा, मी समोर पाटावर बसून त्या खुणेकडे बघायचे. एकदा मी बोटाने तिथे दाबून पाहिलं. खळगा पडला आणि भरून यायला बराच वेळ लागला.

"कणीक मळायलीस का?" तो म्हणाला.

मी हात काढून घेतला.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये त्याची नोकरी झाली. त्याआधी, तरुणपणी, तो मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत उतरायचा. गाडी त्याच दिवसांतली होती. मोटोक्रॉसची, परदेशी, टू-स्ट्रोक. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, उभी करायला स्टँडसुद्धा नाही. लग्नानंतर शर्यती सुटल्या आणि ती पडेगावच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून राहिली. तिच्या सीटमध्ये उंदरांच्या किती पिढ्या झाल्या असतील कोण जाणे. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी दादाच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हाही ती तिथेच होती. मी कधी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

मग दादाच्या हृदयाचं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि तोवर वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, जोर लावायचा नाही, असं बजावलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर तो थेट शेडमध्ये गेला आणि गाडीवरची ताडपत्री ओढून काढली.

"ही चालू झाली की दुसऱ्या दिवशी ॲडमिट होतो," तो म्हणाला. "लेखी देऊ का, मास्तरीण?"

मी कधीच शिकवलं नाही, पण पुस्तकांशी संबंध असलेली बाई म्हणजे त्याच्या लेखी मास्तरीणच.

वहिनी रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. काही उपयोग झाला नाही. मग गाडी लवकर चालू व्हावी म्हणून घरात सर्वांत जास्त धडपड आम्हा दोघींचीच सुरू झाली. वहिनीने सुटे भाग ठेवायला धुण्याची टोपली आणि गंज सोडवण्यासाठी ते डिझेलमध्ये बुडवायला जुना पितळी डबा दिला. मी गाडीच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स वाचून त्याला मराठीत सांगायचे. तो डोळे मिटून ऐकायचा. मधेच म्हणायचा, "पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी गाडी खोललेली नाय." अवघड जागेचे नट मी सोडवायचे. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवलेल्या माझ्या हातांना पिस्टनच्या रिंगा बसवता येतील असं मला वाटलं नव्हतं.

काम पुढे सरकत होतं आणि दादा मागे. आधी तो एका उशीवर झोपायचा, मग दोन, मग तीन. बोलता बोलता वाक्याच्या मध्ये थांबायचा आणि आम्ही दोघी आपापल्या हातातलं काम थांबवून पुढच्या शब्दाची वाट बघायचो. एकदा पाना शोधताना सहज बोलावं तसं त्याने मला घराचे कागद कोणत्या ट्रंकेत आहेत ते सांगितलं. मी पुस्तकातलं पुढचं पान वाचायला लागले.

शहागंजमध्ये दुकान असलेला एक वयस्कर मेकॅनिक मदतीला यायचा. शर्यतीच्या दिवसांत दादाची गाडी तोच सांभाळायचा आणि अजूनही त्याला उस्ताद म्हणायचा. एके दिवशी जाताना त्याने मला फाटकापाशी बोलावलं.

"आपा, इसका किक भोत भारी है. कंप्रेशन देखे ना तुम? चालू करने का टैम आया तो मैं आको मारता. उस्ताद को नक्को मारने देव."

"तो ऐकेल का?"

"नै सुनते. वोइच तो."

किकचा दांडा एकाच बोल्टवर असतो. तो कसा निघतो ते मी त्याच्याकडून समजून घेतलं. त्या संध्याकाळी मी तो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वर माझ्या पुस्तकांच्या कपाटात, नियतकालिकांच्या बांधीव अंकांमागे ठेवून कुलूप लावलं.

सकाळी दादा गाडीच्या त्या बाजूला वाकून बराच वेळ बघत होता.

"हिचा दात कुणी पाडला?"

"माझ्याकडे आहे."

"ग्रंथालयात जमा केला व्हय?"

"हो."

"मग मला आता कार्ड काढावं लागंल," म्हणून तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबेपर्यंत वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादाने पुन्हा तो विषय काढला नाही. ज्या माणसाने या गाडीआधी आपल्या पेटीतल्या स्क्रूड्रायव्हरला आम्हाला कधी हात लावू दिला नाही, तो इतक्या सहज गप्प बसला, याचं मला त्या वेळी बरं वाटलं.

शेवटी अडलं ते ठिणगी पाडणाऱ्या कॉइलपाशी. मेकॅनिकने तिची तार पुन्हा गुंडाळून आणली आणि ती बसवली. ठिणगी बघायला इंजिन फिरवावं लागतं, म्हणून मी वरून दांडा आणला. त्याने तो लावून हाताने दाबला आणि प्लगच्या टोकाशी बारीक निळी ठिणगी उडाली. वहिनीने हात जोडले. दादा ठिणगीकडे बघत नव्हता. दांडा काढून पुन्हा जिना चढणाऱ्या माझ्याकडे बघत होता.

टाकीला आतून लावलेला लेप वाळायचा होता, त्यामुळे किक दुसऱ्या दिवशी मारायची ठरली. पण सकाळीच मेकॅनिकचा फोन आला. लासूर स्टेशनला त्याच्या नात्यातलं कुणी वारलं होतं. दोन दिवसांनी येतो म्हणाला.

"बरं," दादा म्हणाला. एवढंच.

चहा झाल्यावर कप खाली ठेवून तो म्हणाला, "ठिणगी आली म्हणजे गाडी झालीच. तुम्ही दोघी दवाखान्यात जा अन् तारीख घेऊन या."

तारखेचा शब्द त्याने स्वतःहून पहिल्यांदा काढला होता. वहिनीने साडीसुद्धा बदलली नाही. फाइल घेतली आणि निघाली. त्याला एकट्याला ठेवायला नको, एवढं आम्हा दोघींपैकी एकीला तरी सुचायला हवं होतं. रिक्षात ती दवाखान्यात काय काय न्यायचं ते सांगत होती. थर्मास, चादर, त्याची मऊ चप्पल. मधेच म्हणाली, "आज लई शांत होते ना?" मी हो म्हणाले. काउंटरवर सोमवारची तारीख मिळाली.

आमची गल्ली फाटकापासून दौलताबाद रस्त्याकडे उतरत जाते. रिक्षा तोंडाशी वळली तेव्हा जळक्या ऑइलचा वास आला. गल्लीत निळसर धूर कमरेएवढ्या उंचीवर थांबला होता. गाडी उताराच्या खाली आडवी पडली होती. दादा शेजाऱ्यांच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता आणि शेजारीण त्याला पदराने वारा घालत होती. त्याचा शर्ट पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता.

"दोन चकरा मारल्या," तो मला म्हणाला. ओठ राखेसारखे झाले होते.

शेजारणीने नंतर सांगितलं. त्याने गाडी फाटकातून बाहेर काढली, गिअरमध्ये टाकली, क्लच दाबून उतारावरून पळवत नेली आणि उडी मारून बसत क्लच सोडला. पहिल्यांदा ती चालू झाली नाही. मग त्याने ती ढकलत पुन्हा वर आणली. सगळा चढ. दुसऱ्यांदा चालू झाली आणि तो दोन चकरा मारून आला.

ज्या काउंटरवरून तारीख घेतली होती तिथेच आम्ही त्याला तासाभरात घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी तो गेला. सोमवार यायचा होता.

मेकॅनिक भेटायला आला तेव्हा पायरीवर बसून मान खाली घालून म्हणाला, "ट्रॅक पे आधे लोगां धक्के पेच चालू करते थे, आपा. मेरे कोच बोलना था."

त्याने सांगायची काय गरज होती? धक्क्यावर चालू केलेल्या स्कूटर या शहरात मी लहानपणापासून बघत आले आहे. पण कपाटाला कुलूप लावलं की आतलं सुरक्षित, असंच मी सगळी नोकरी समजत आले. दांडा जागेवर असता तर त्याने उभ्या जागी एक, फार तर दोन किक मारल्या असत्या. मी तो काढला म्हणून तो पळाला आणि चढावर गाडी ढकलली. मी हे डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, असं सांगता येत नाही.

वहिनीला मात्र मी काही विचारलं नाही. महिनाभराने एका दुपारी ती शेडमध्ये दादाचे कपडे वाळत घालायची दोरी सोडत होती. मी तिच्या हातातून दुसरं टोक घेतलं.

"ताई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी चालू केली ना, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गल्ली झाडली होती."

"कोणती गल्ली?"

"आपलीच. फाटकापासून खालपर्यंत. सगळी खडी बाजूला लोटली. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, बरं झालं, थोडं चालायलेत." तिने दोरीची गुंडाळी केली, पुन्हा सोडली, पुन्हा केली. "झाडू मीच दिला होता त्यांना."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. पत्रा थोडा वेळ थरथरत राहिला.

"तुम्ही किकचं कुणाला सांगितलं?" तिने विचारलं.

"डॉक्टर सोडून कुणालाच नाही."

"मी बी झाडूचं कुणाला नाय," ती म्हणाली आणि दोरी माझ्या हातात देऊन घरात गेली.