तीन वायरींची करवत

बहिणीच्या लग्नात द्यायचा दिवाण दुकानातून आणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी पडलो लोणी देवकरच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस! दिवसभर यंत्रांचा आवाज कानावर पडायचा, त्यामुळे आपल्याला यंत्रांतलं कळतं असा माझा पक्का समज झाला होता. (आवाज भिंतीपलीकडून यायचा, ही गोष्ट वेगळी.)

ही नव्वदीतली गोष्ट. सणसरला आमच्या घरी धाकट्या नंदाची सुपारी फुटली. नवरा मुलगा पिंपळीचा. चांगला दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, पण तोंडातून शब्द नाही. बोलायचं सगळं खातं त्याच्या चुलत्यांकडे, आबांकडे होतं.

"आमाला काय बी नको," आबा म्हणाले. आम्ही सुटकेचा नि:श्वास सोडला. "फकस्त पोरीला बसाय-उठाय एक दिवाण, कपडं ठेवाय कपाट, पाण्याला पिंप, दोन-चार भांडी... बाकी तुमची हौस. आमाला काय बी नको!"

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी घसा खाकरला. "दिवाण मी सोताच्या हातानं करून देणार!"

"का? गावातलं सुतार मेलं का?" तात्या, म्हणजे आमचे वडील, भर बैठकीत म्हणाले.

तात्यांची भीती खरी होती. आईनं बांधावर लावलेला साग ती गेल्यावर त्यांनी पाडला होता आणि त्याच्या मोजक्या फळ्या माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. नंदानं लग्नात दुसरं काही मागितलं नव्हतं. दिवाण मात्र आईच्या सागाचा हवा होता. एखादी फळी वाया गेली तर तसली दुसरी जगात कुठंच मिळणार नव्हती.

"तात्या, सुताराच्या हातात आता काय राह्यलं न्हाय," मी म्हणालो. "विजेवरची गोल करवत आणतो. लोण्यावानी कापतीय!"

"लोणीच काप मग," नंदा आतून म्हणाली. "माझ्या फळ्यांना हात लावू नगं."

दुसऱ्या दिवशी मी बारामती गाठली. पहिल्या दुकानात अगदी देखणी करवत होती, हातात धरून चालवायची. मी प्रेमानं तिच्यावरून हात फिरवला, किंमत ऐकली आणि तोच हात खिशात घातला. दुसऱ्या दुकानात तश्शीच दिसणारी, पण निम्म्या किमतीत! मी म्हणालो, "चालू करून दाखवा की."

"घरी नेऊन करा ना साहेब," दुकानदार दोन पावलं मागं सरकत म्हणाला. "हितं गिऱ्हाइकं असत्यात."

शेवटी इंदापुरात एका बंद पडलेल्या वर्कशॉपचं सामान विकायला निघालं होतं, तिथं मला हवी तशी मिळाली. लोखंडी टेबल, त्यातून अर्धं वर आलेलं दातेरी पातं, खाली भलीथोरली मोटर. आणि किंमत? हातातल्या करवतीपेक्षाही कमी! मी काही भोळा नव्हे. पात्याचे दात तपासले, टेबलाचे पाय हलवून पाहिले, रंगाचे पोपडेसुद्धा दाखवून भाव आणखी पाडला.

"घरी करंट हाय ना?" विकणाऱ्यानं विचारलं.

"हाय की!"

"मग झालं तर," तो म्हणाला आणि घाईघाईनं करवत टेम्पोत चढवली. एवढा मदतीला तत्पर माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

घरी आल्यावर तात्यांनी मोटरीची वायर उचलून पाहिली. "तीन वायरी? आरं, ही थ्री फेज हाय! घरात कुठं लावणार हिला?"

थ्री फेज आमच्याकडं एकाच ठिकाणी होतं: मळ्यात, विहिरीवरच्या मोटरीला! मग ती करवत बैलगाडीत घालून मळ्यात नेली. पंपाच्या वायरी काढल्या आणि त्या जागी करवतीच्या जोडल्या. तात्यांनी यंत्राला हळद-कुंकू वाहिलं. (मला वाहायचं मनात असावं, पण ते बोलले नाहीत.) वीज आली, मी बटण दाबलं. काय आवाज! शेजारच्या उसातून कोल्हं पळालं.

मी पहिली फळी पुढं सरकवली. कापायच्या ऐवजी तिच्यातून धूर निघाला.

"लाकूड चिवट हाय," मी म्हणालो.

"दादा, मोटर उलटी फिरतीय," नंदा म्हणाली. "पाण्याची मोटर उलटी फिरली की आपुन काय करतो? दोन वायरींची अदलाबदल कर."

"नंदे, करवत येगळी, पंप येगळा! आमच्या कारखान्यात असली यंत्रं रोज चालत्यात."

"तू चालवतोस व्हय?"

हा प्रश्न मला लागला. मी दुसरी फळी घेतली आणि सगळा जोर लावून रेटली. पात्यानं ती उचलली, माझ्या हातातून हिसकली आणि समोर भिरकावली. समोर विहीर होती. धप्प!

तात्यांनी बटण बंद केलं. बादल्या काढायचा गळ टाकून त्यांनी फळी वर ओढली. तिचं एक टोक चिरफाळलं होतं. नंदा पदरानं ती फळी पुसत बसली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुकाट्यानं मेन स्विचला दोन वायरींची अदलाबदल केली. करवत खरंच लोण्यासारखी कापू लागली!

दिवाण झाला. जळकं आणि चिरफाळलेलं टोक काढल्यामुळं वीतभर आखूड झाला, एवढंच. नंदा त्यावर आडवी होऊन बघत म्हणाली, "मी आईएवढीच हाय. मला पुरतोय." नवरदेवाच्या पायांचं काय, हा विषय आम्ही काढला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी करवत सोडवली, पंपाच्या वायरी पुन्हा जोडल्या आणि मोठ्या समाधानानं झोपलो.

सकाळी वऱ्हाड दारात, आणि हौदात थेंब नाही! मोटर चालू होती, घरघरत होती, पण पाणी येईना. वऱ्हाडी तांबे घेऊन ओळीनं उभे. शेवटी आबा स्वतः फेटा सावरत मळ्यात गेले. मोटरीच्या खोलीत डोकावले आणि ओरडले, "मोटर उलटी फिरतीय! मेनला वायरी कुणी बदलल्या?"

मी आणि तात्या मागोमाग गेलो होतो; तात्या माझ्याकडं बघू लागले. मेन स्विचला मी केलेली अदलाबदल तशीच राहिली होती. करवत सुलटी केली ती केली, पंप मात्र उलटा करून ठेवला! आबांनी लग्नाच्या नव्या धोतरात बसून वायरी बदलल्या, पाणी आलं, आणि येताना दहा माणसांना त्यांनी ही हकिकत सांगितली. दहांनी पुढं किती जणांना सांगितली, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मुहूर्तावर लग्न लागलं. मग कानपिळीला नवरीचा भाऊ म्हणून माझा मान आला. काही झालं तरी हा मान कोणी काढून घेऊ शकत नव्हतं! मी ऐटीत पुढं झालो आणि नवरदेवाचा कान धरला. आजवर आमच्या घरात एक शब्द न बोललेला तो माणूस खाली वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"पाहुणं, सुलटा पिळा. उलटा पिळला तर आबास्नी परत वायरी बदलाया लागतील."

मांडव हसून लोटपोट झाला. नंदा मुंडावळ्यांआडून सगळ्यांत जास्त हसली. मी मात्र कान धरून तसाच उभा राहिलो, कारण सुलटा म्हणजे नक्की कुठल्या बाजूला, हे मला तेव्हाही सांगता येत नव्हतं!