पाडव्याच्या फ्रॉकचा गळा

मशीन थांबलं तरी पोरगी झोपेतच होती. झोपेचं सिरप पाजून तिला सीटी स्कॅनच्या टेबलावर निजवलं होतं. वय चार, डोकं मोठ्या माणसाएवढं. फॉर्मवर लिहिलं होतं, डोक्यात पाणी. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. ते पाणी पोटात उतरवणारी नळी, म्हणजे शंट, बसवायची होती.

नव्वदच्या दशकात नगरच्या एका सेंटरमध्ये मी टेक्निशियन होतो. पडद्यावर मेंदूचे काप उमटत होते. मेंदूचा आतला भाग, ज्याला 'पांढरा भाग' म्हणतात, तो करड्या धुक्यासारखा पसरलेला. अंधारी खोली, एसीची घरघर. आपणच त्या धुक्यात हळूहळू उतरतोय असं वाटायला लागलं. भानावर यायला मी आकडे घेतले. सीटीत प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो. पाण्याचा शून्य, निरोगी पांढऱ्या भागाचा तिशीच्या आसपास. या धुक्याचा अठरा. म्हणजे साठलेलं पाणी नव्हे, पाणी मुरलेला मेंदू. डोक्यात पाणी साठलं की मेंदूतल्या ज्या पोकळ्या फुगतात, त्या बारीकच होत्या.

मी आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना बोलावलं.

"आकडेशास्त्री, सर्जननी तपासलंय ना तिला?"

"पण पोकळ्या फुगलेल्या नाहीत, सर."

"डोकं तर फुगलंय! अजून वाढतंय का, ते कळलं पाहिजे. जुनी मापं आहेत?"

फाइलमध्ये एकही माप नव्हतं. बाहेर बाकावर बाप बसला होता, पारनेरचा शिंपी. त्याला विचारलं.

"हायेत की मापं. दर पाडव्याला फ्रॉक शिवतो तिला. डोस्कं मोठं, गळ्यातून जात न्हाई. म्हून आदी डोस्क्याचं माप, मंग गळा."

"लिहून ठेवलंय?"

"शिंप्याला इचारता व्हय सायेब?"

गिऱ्हाइकांसाठी अस्तर न्यायचं म्हणून मापांची वही पिशवीतच होती. टेपही. टेप मी आधी माझ्या पट्टीशी ताडून पाहिली. बरोबर होती. पहिला पाडवा साडेवीस इंच. मग सव्वाएकवीस, पावणेबावीस, आणि यंदा बावीस. पहिल्या वर्षी डोकं धावलं होतं, पुढे दमानं चाललं होतं. पाणी तुंबलं असतं तर डोक्याची वाढ अशी मंदावली नसती.

सरांनी वही दोनदा वाचली. "बायको नात्यातली का हो?"

"मामाचीच पोरगी."

सरांनी सर्जनना फोन लावला. ऑपरेशन रद्द झालं.

"मंग बरी कशानं व्हनार ती?" बापानं विचारलं.

"औषध नाही याला," सर म्हणाले. "पण नसती चिरफाड तरी टळली."

तिला पुण्याला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी आजार आनुवंशिक ठरवला. कारण सापडायला आणखी काही वर्षं गेली. मेंदूत चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात, अ‍ॅस्ट्रोसाइट. त्यांच्यातलं एक प्रथिन पाण्याची आणि क्षारांची ये-जा सांभाळायला मदत करतं. आई आणि बाप, दोघांकडूनही त्याच्या जनुकाची बिघडलेली प्रत आली, आणि नात्यातल्या लग्नात हे जास्त घडतं, की हे काम कोलमडतं आणि पाणी पांढऱ्या भागातच मुरतं. नळी घालून ते निघत नाही. इतक्या चांदण्या त्या धुक्यामागे होत्या, आणि मी नुसता अठराचा आकडा धरून बसलो होतो.

पुढे एकदा पारनेरला गेलो होतो. पोरगी भिंत धरून चालत होती. दुकानात बसून बटणं लावत होती, सावकाश, पण सरळ रेषेत. बापानं वही दाखवली. पाडव्याचं माप अजून चालूच होतं.

तेव्हापासून फॉर्मवरचं निदान मी शेवटी वाचतो. आधी मापं विचारतो. दवाखान्यात नसली, तरी घरात कुणीतरी ती घेतलेली असतात.