बेटावरची भिंत आणि लात्व्हियाचा युरिस

अमेरिकेत येऊन तीन महिने झाले होते आणि मी अजून दगडाची एकही भिंत पाहिली नव्हती. गवंडी माणसाला हे सोसत नाही. माझा मुलगा संजय ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावात राहतो. तिथली घरं लाकडाची. भिंतीवर बोटानं टकटक केलं की पोकळ वाजतं. एवढा शिकून मुलगा खोक्यात राहतो, असं मी सूनबाईसमोर बोललो आणि दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. हौसा असती तर तिनं मला वेळेवर कोपरानं ढोसलं असतं. माझी बायको हौसा गेल्या माघात गेली. तेव्हापासून ढोसणारं कुणी नाही, म्हणून तोंडात येतं ते सगळं बाहेर पडतं.

शेवटी नातीनं मला उचललं. सई बावीस वर्षांची, जन्म तिकडचाच. म्हणाली, "आबा, चार दिवस लेकवर जाऊ या. मी ड्राइव्ह करते. टीव्हीसमोर बसून तुम्ही फर्निचर झालायत यार."

सप्टेंबर सरत आला होता. निघालो. दोन तास रस्ता सरळ, वळण नावाला नाही. दोन्ही बाजूंनी मका, वाळून पिवळा झालेला, एवढा की काढणार कोण असा प्रश्न पडावा. माणूस मात्र दिसेना. मग एकदम मका संपला आणि पाणी लागलं. एरी सरोवर म्हणतात त्याला. मी मस्कतला अकरा वर्षं समुद्राकाठी काढली आहेत, मला पाणी नवं नाही. पण हे पाणी मी ओंजळीत घेऊन प्यायलो तर गोडं! पलीकडचा काठ दिसत नाही आणि पाणी गोडं! मी सईला दोनदा हाक मारून सांगितलं. ती ओरडली, "आबा, प्लीज, ते फिल्टर केलेलं नाहीये!"

गाडी काठावर लावून आम्ही होडीनं बेटावर गेलो. होडी म्हणजे लोखंडी मोठी, वर ट्रकसुद्धा चढवतात. वाऱ्यानं माझी टोपी उडाली ती थेट कॅनडाच्या दिशेनं गेली. मला राग यायला हवा होता, पण किती तरी महिन्यांनी मी हसलो.

बेट सगळं चुनखडीच्या दगडाचं. उतरल्या उतरल्या मला दगड दिसला, राखाडी, थराथराचा, ठोकला की खणखणीत. आम्ही ज्या ठिकाणी उतरलो तिथं बारा-पंधरा छोट्या झोपड्यावजा खोल्या होत्या आणि पाण्याच्या बाजूला एक कंबरभर उंचीची भिंत ढासळलेली. एक उंच, भुऱ्या केसांचा गडी ती बांधत होता. मी बॅग तिथंच टाकली आणि बघत उभा राहिलो. पाच मिनिटं तोंड दाबून धरलं. सहाव्या मिनिटाला मी मराठीतच बोललो, "अरे गड्या, सांध्यावर सांधा आणतोस? एका पावसाळ्यात फाटेल."

त्यानं वर पाहिलं. मी त्याच्या हातातली थापी घेतली, वरचा थर उतरवला आणि दोन दगडांच्या मधल्या सांध्यावर तिसरा दगड आडवा बसवला. मग बोटानं त्याला वाट दाखवली: पाणी सांध्यातून खाली येतं, दगडाशी येऊन थांबतं. त्याला कळलं. भाषा लागलीच नाही. त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि हसत छातीवर बोट ठेवलं, "युरिस."

सईनं मग इंग्रजीत चौकशी केली. युरिस लात्व्हिया नावाच्या देशातला. युरोपात, थंड समुद्राच्या काठी, छोटासा देश. वय अठ्ठावीस. त्याच्याबरोबर त्याची इल्झे, तीही तिथलीच. दोघं सहा वर्षं घराबाहेर होती. आधी इंग्लंडमध्ये अळंबी खुडली, मग आयर्लंडमध्ये मासे साफ केले, आता हंगामी परवान्यावर इथं. इल्झे खोल्या झाडायची, चादरी बदलायची, युरिस पडेल ते काम करायचा.

"गवंडीकाम कुठं शिकला म्हणावं?" मी विचारलं.

सई हसली. "तो म्हणतो, तुमच्याकडून. आत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी भिंतीशी हजर. दोरी ताणली, भिंत सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबा नव्हता तर दोरीला एक वाटोळा दगड बांधून ओळंबा केला. घरी चहाचा कप सांडतो माझा, पण थापीतला चुना सांडत नाही. हे मी विसरलोच होतो. सई खाटेसारख्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि माझं बोलणं त्याला, त्याचं मला सांगत राहिली.

दुपारी इल्झे जेवण घेऊन आली. ठेंगणी, लाल गालांची, भराभर बोलणारी. तिनं काळा पाव कापला. रुप्यमाइझे (राय या धान्याचा काळा, आंबट पाव, राय म्हणजे आपली मोहरी नव्हे) असं त्याचं नाव. रंग नाचणीच्या भाकरीचा, चव आंबट-गोड, वर जिरं लागल्यासारखा वास. सोबत खारवलेली काकडी. मी तीन तुकडे खाल्ले. सूनबाईच्या घरच्या पांढऱ्या पावाबद्दल मी काय बोललो ते इथं लिहीत नाही.

एक तुकडा इल्झेच्या हातून खाली पडला. तिनं तो उचलला, फुंकला, त्याचं चुंबन घेतलं आणि खाऊन टाकला. मी सईला म्हटलं, "बघ! आपण पडलेला घास कपाळाला लावतो, ही ओठाला लावते. माणसं चांगल्या घरची आहेत."

तेव्हाच कळलं की दोघांचं परतीचं तिकीट दोन दिवसांवर आलंय आणि एकटी इल्झेच जाणार आहे. तिच्या आजीचं घर गावाकडे रिकामं पडलंय. तिथं हाच पाव भाजून विकायचा, असं तिनं ठरवलेलं. युरिसला मालकानं हिवाळ्यात बेटावर राखणीला राहा म्हणून विचारलं होतं.

युरिस म्हणाला, "वन मोर इयर."

हे सईनं सांगायची गरज पडली नाही. मस्कतच्या साइटवर एवढं इंग्रजी येतंच. इल्झेनं सुरी पुसून पाव गुंडाळला आणि ती चादरी बदलायला गेली. जाताना तिची पाठ दिसली. तशी पाठ मी हौसाची पाहिलेली आहे.

मी युरिसला सरळ विचारलं, "का जात नाहीस? खरं सांग."

सई म्हणाली, "आबा, असं डायरेक्ट विचारत नाहीत."

"तू विचार."

युरिसनं हातातला दगड उलटासुलटा केला. मग म्हणाला, आजीच्या घरातली भट्टी फुटलीय, ती बांधायला गवंडी गावात उरला नाही, सगळे नॉर्वेला गेले. अजून थोडे पैसे जमले की शहरातून माणूस आणता येईल. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. गवंड्याला पोकळ भिंत कळते. शेवटी त्यानं खरं सांगितलं. गावातली शाळा बंद झाली, मित्र सगळे बाहेर. जे मागं राहिलेत ते दुकानात विचारणार, सहा वर्षांत काय कमावलंस? गाडी कुठाय? रिकाम्या हातानं त्यांच्यासमोर कसं जायचं?

मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. सईनंही ती पहिल्यांदाच ऐकली. मी दोन वर्षांसाठी मस्कतला गेलो आणि अकरा वर्षं राहिलो. दर वर्षी हौसाला कळवायचो, आणखी एकच वर्ष. कारण दर वेळी नवं. आधी घराचा पाया, मग स्लॅब, मग फरशी. शेवटी घरी आलो त्या संध्याकाळी हौसानं मला पाणी दिलं, पोरांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि जेवायला बसली. दोन घास खाल्ल्यावर तिच्या ध्यानात आलं की माझं ताट वाढलेलंच नाही. ती दचकून उठली. भाकरीही शिल्लक नव्हती, सवयीनं मोजक्याच थापलेल्या. त्यानंतर आम्ही तीस वर्षं नांदलो. ती त्या अकरा वर्षांबद्दल एकदाही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सई हे इंग्रजीत सांगताना मधेच थांबली. मी म्हटलं, "सांग सगळं. गाळू नकोस."

मी उठलो. "आणि भट्टीचं म्हणशील तर चल. भट्टीच्या तोंडाची कमान शिकवतो. दोन दिवस आहेत."

तिसरा दिवस म्हणजे मला सणच वाटला! भिंतीच्या ढासळलेल्या भागातच कमान घेतली; कमान बांधायला खाली आधार लागतो. लाकडी साचा नव्हता, म्हणून ओल्या वाळूचा ढीग केला आणि थापटून त्याला अर्धा रांजण उपडा घातल्यासारखा आकार दिला. त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे, मधला पाचरीसारखा दगड शेवटी. बेटावर आलेले गोरे लोक उभे राहून फोटो काढायला लागले. एका म्हातारीनं मला लिंबाचं सरबत आणून दिलं. मी युरिसला मराठीत शिव्या देत होतो, तो त्याच्या भाषेत देत असावा. संध्याकाळी मधला दगड बसला. दगडांमधला चुन्याचा मसाला वाळेपर्यंत वाळू काढायची नाही, असं मी बजावलं.

"उद्या दुपारी," मी म्हटलं. पण उद्या सकाळच्या होडीनं इल्झे जाणार होती. जातो असं युरिस अजून म्हणाला नव्हता. तिकीटही त्यानं कॅन्सल केलेलं नव्हतं. असा लोंबकळत होता.

सकाळी मी लवकर उठून फुलं खुडली. रस्त्याच्या कडेला जांभळी रानफुलं होती, आपल्या शेवंतीच्या जातीची. मनात आलं, जोडप्याची गोष्ट आहे, जोडीजोडीनं द्यावीत. दोन दोन फुलं ओळंब्याच्या दोरीनं बांधली. चार जोड्या केल्या आणि धक्क्यावर जाऊन इल्झेच्या हातात ठेवल्या.

तिचे ओठ हलले. मोजत होती. आणि चेहरा पांढराफटक पडला. ती युरिसकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि रडायलाच लागली.

"काय झालं? काय केलं मी?"

सईनं विचारून घेतलं. तिचाही आवाज उतरला. "आबा, त्यांच्याकडे सम संख्येत फुलं फक्त मेलेल्या माणसाला देतात. जिवंत माणसाला नेहमी विषम."

आपणही आहेर देताना शंभरावर एक ठेवतोच की. एवढं साधं मला सुचलं नाही. देणंघेणं सगळं हौसा बघायची. तिच्यामागं मी हे असले घोटाळे करत फिरतो. मी हात जोडून उभा राहिलो.

युरिस पुढं झाला. त्यानं दोरीतून एक फूल ओढून काढलं आणि माझ्या शर्टाच्या खिशाला खोचलं. उरली सात. इल्झेनं ती छातीशी धरली, माझ्या गालाला गाल लावला आणि होडीवर चढली. युरिस चढला नाही. होडी सुटली. तो धक्क्यावर खांबासारखा उभा.

आम्ही भिंतीशी परत आलो. मला दुपारपर्यंत थांबवेना, त्यालाही थांबवेना. मी थापीच्या टोकानं मसाला टोचून पाहिला. घट्ट होता. "काढ वाळू," मी म्हटलं.

तो गुडघ्यांवर बसून हातानं वाळू उपसायला लागला. अर्धी निघाली. पाऊण निघाली. मी श्वास धरलेला. शेवटची ओंजळ निघाली आणि कमान आपल्या बळावर उभी राहिली! खाली मोकळा वारा, त्यातून पलीकडचं पाणी दिसतंय! युरिसनं हळूच त्यावर हात टेकला, मग कोपर, मग चक्क वर बसला. नव्वद किलोचा गडी! तिथूनच ओरडला, "सई! कार?"

सईला क्षणभर कळेना. मला आधी कळलं. "अगं ऊठ! होडी गाठू, पलीकडून गाडी काढ!"

मग जी पळापळ झाली! युरिसनं पिशवी कशीबशी भरली, मालकाला धावत जाऊन सांगितलं. मालक भला होता, त्यानं आधी भिंत पाहिली आणि मग युरिसची पाठ थोपटली. एकची होडी मिळाली. विमान संध्याकाळचं. सई म्हणाली, "इल्झेला कॉल कर ना!" तो म्हणाला, नाही, तोंडानं सांगणार.

होडीवर तो माझ्याशेजारी कठड्याला टेकून उभा होता. धक्क्याकडे येताना खुडलेलं एक जांभळं फूल त्याच्या हातात होतं. माझ्या खिशाचं फूल त्यानं काढलं, त्याच्याशी हे जोडलं आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "होसा."

सईनं सांगायचं कारण पडलं नाही. हौसा गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. तिथं रडलो, वाऱ्याकडे तोंड करून, जोरात.

विमानतळावर इल्झे बॅगेवर बसलेली होती. युरिसचे बूट, हात, केससुद्धा चुन्यानं पांढरे. तिनं वर पाहिलं, उठली आणि हातातल्या फुलांनीच त्याला झोडपून काढलं. लोक वळून बघायला लागले. मग वाकून तिनं खाली पडलेली फुलं एकेक उचलली, मोजली, सात भरली तेव्हाच हसली.

परतताना मक्याच्या रानात शिरल्यावर सई म्हणाली, "आबा, आजीनं तुम्हाला जेवण दिलं का मग त्या दिवशी?"

"दिलं. स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून दिली."

आता मी गावी आहे. ती दोन फुलं पासपोर्टात दाबून आणली आणि हौसाच्या फोटोपुढं ठेवली. दोनच का, असं येणारे विचारतात. मी सांगतो, तिकडची रीत आहे.

गेल्या महिन्यात सईनं फोनवर युरिसच्या भट्टीचा फोटो पाठवला. कमान त्यानं एकट्यानं उभारलीय. डावी बाजू दोन सूत (पाव इंच) उतरलीय, ते मी कळवलं. उत्तर आलं की पाव मात्र सरळ निघतो.

आणि परवा आमच्या शेजारचा दत्ता दुबईहून कायमचा परत आला, नोकरी गेली म्हणून. एकच बॅग घेऊन. चौकात जो तो त्याला विचारत होता, काय आणलंस? मीही पूर्वी हेच विचारायचो. आज मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "जेवलास का? चल, माझ्याकडे दोघांपुरतं आहे."